सोळा गुटके

आश्विन शुद्ध नवमी, बुधवार, १ ऑक्टोबर

विघ्ने दूर सारणाऱ्या गजाननाला, शब्दांना अर्थ देणाऱ्या शारदेला आणि ज्या लोखंडाने चाळीस वर्षे माझ्या कुटुंबाला अन्न दिले त्या लोखंडाच्याही अंतरी वसणाऱ्या नारायणाला वंदन करून आजची नोंद आरंभितो. त्याची कृपा असेल तर हात स्थिर राहील.

आमच्या मालगाड्यांच्या टर्मिनलमध्ये अपघात झाला. झेंडी दाखवणाऱ्या नंदू परबचा उजवा पाय दोन वॅगनच्या मध्ये सापडला. क्रमाने लिहितो, म्हणजे मन ठिकाणावर येईल.

मी निवृत्त होऊन बारा वर्षे झाली, तरी खंडेनवमीची पूजा सांगण्यास टर्मिनलची माणसे अजून मलाच बोलावतात. ही प्रथा माझीच. अडतीस वर्षांपूर्वी यार्ड मास्तर झालो त्या साली मी ती घालून दिली. यार्डातील सारी आयुधे, म्हणजे झेंड्या, पाने, साखळ्या आणि उभ्या वॅगनच्या चाकांखाली घालायचे सागवानी गुटके, केबिनशेजारच्या देवीच्या चौथऱ्यावर मांडावीत, हळदकुंकू वाहावे आणि उत्तरपूजा होईपर्यंत एकासही हात लावू नये. जे वर्षभर आपला भार सोसते त्याला एक प्रहर विसावा मिळावा, एवढाच हेतू. तेव्हा या दिवशी एकही गाडी येत नसे. आता चार वर्षे झाली, टर्मिनलला सुटी अशी उरलेली नाही; तरी माणसे श्रद्धेने जमतात, याचा मला अभिमान वाटतो.

आज सोळाही गुटके मी स्वतः मोजून, पुसून, दोन ओळींत मांडले आणि प्रत्येकास बोटभर कुंकू लावले. झेंडूच्या पाकळ्यांत ती तेलाने काळवंडलेली लाकडे मूर्तीसारखी शोभत होती. फुले उशिरा आली म्हणून नऊचा पाठ दहाला सुरू झाला. तीसेक माणसे बसली होती. आमची सौभाग्यवती वनमाला मंडपाच्या दाराजवळ प्रसादाची ताटे लावीत होती. मध्यंतरी कोणी दाराशी येऊन काही बोलू लागले. पाठ खंडित होणे हा मोठा दोष. मी डोळे न उघडता हात वर केला, आवाज थांबला. चित्त पुन्हा देवीच्या ठायी लागले. आजच्यासारखा पाठ कित्येक वर्षांत झाला नव्हता.

अकराला बारा मिनिटे कमी असताना लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज आला, आणि त्यामागून माणसाचा.

पाच नंबरच्या लाइनवर तांदळाच्या तीन भरलेल्या वॅगन उभ्या केल्या होत्या. त्या आपोआप सुटून चालू लागल्या आणि खालच्या बाजूस उभ्या असलेल्या सिमेंटच्या वॅगनवर जाऊन आदळल्या. तिथे नंदू दोन वॅगन जोडणारे कपलिंग सोडवीत होता. वॅगन उभ्या करण्याचे काम शकु इंगळेचे. ती आमची एकमेव स्त्री पॉइंट्समन, म्हणजे सांधे बदलणारी, वॅगन जोडणारी. सहा वर्षे झाली. पूजेला ती बसत नाही. तिचा धर्म वेगळा, त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. परंतु ज्याचे मन कशावरच टेकत नाही त्याचे मन कामावर तरी कसे टेकावे, हा विचार रुग्णवाहिकेमागे चालताना मनात आला, तो लिहून ठेवतो.

दशमी, २ ऑक्टोबर

नंदूचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. घरी सोने वाटले नाही.

शकुला निलंबित केले. दुपारी रुग्णालयातून परतताना भांडुपच्या विहारापाशी ती दिसली. पांढरी साडी, शेजारी म्हातारी आई. आज त्यांचा मोठा दिवस. तिने मला पाहिले आणि आईला हात धरून दुसऱ्या बाजूला नेले. अपराध्याची दृष्टी अशीच असते, असे वाटले.

शनिवार, ४ ऑक्टोबर

मुकुलराव घरी आले. हे टर्मिनलचे व्यवस्थापक. वय पस्तीस, बोलणे तोलून, चहा अर्धा टाकणारे.

"तात्या, मोठ्या रेल्वेने गाड्या देणं बंद केलंय. अपघाताचा रिपोर्ट हातात पडेपर्यंत एक वॅगन आत येणार नाही. सतरा तारखेपर्यंत दिला नाही तर परवानाच गोठवणार."

"किती गाड्या अडल्या?"

"चार. दोन सिमेंटच्या, एक तांदळाची, एक पोलादाची. सगळ्या दारात उभ्या."

'दारात' हा शब्द त्यांनी सहज वापरला, पण तो माझाच आहे. नव्या माणसांना मी शिकवीत असे: मोठी रेल्वे माल शहराच्या दारापर्यंत आणते, दारातून खोलीखोलीत नेणे हे आपले काम. साठ वॅगनची गाडी मुलुंडच्या मिठागरांच्या कडेला आमच्या हवाली होते. आमची तीन लहान इंजिने ती फोडतात. पाच वॅगन धान्याच्या कोठारावर, दहा सिमेंटच्या धक्क्यावर, चार पोलादाच्या आवारात; रिकाम्या झाल्या की गोळा करून पुन्हा एक गाडी बांधून परत. अकरा किलोमीटरची रेल्वे. तिच्यावरून कोणी प्रवास करीत नाही, म्हणून ती कोणाला ठाऊक नाही. परंतु घाटकोपरच्या मनोऱ्यांचे सिमेंट, साकीनाक्याच्या कारखान्यांचे पत्रे आणि अंधेरी-बोरीवलीपर्यंतच्या दुकानांतला तांदूळ तिच्याच चाकांवरून गेलेला असतो.

"समिती तिघांची आहे," मुकुलराव म्हणाले. "मी, बाहेरच्या सुरक्षा सल्लागार वसुधाताई, आणि तुम्ही. यार्डाची नियमावली तुम्हीच लिहिलीत. तुमच्या शब्दाला माणसं मान देतात. केस तशी साधी आहे. बाईने गुटके लावले नाहीत. तिला काढायचं, पोलिसांकडे कागद जाईल, आपलं काम सुरू."

"पोलीस?"

"निष्काळजीपणा, तात्या. पाय गेलाय माणसाचा."

मी होकार दिला. न्याय करणे हेही पूजनच आहे.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

पहिली सुनावणी. शकु समोरच्या खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसली होती. प्रश्न वसुधाताईंनी विचारले.

"पाच नंबरची लाइन उताराची आहे, हे माहीत होतं?"

"हो मॅडम."

तो उतार चारशे फुटांत एक फूट आहे. डोळ्यांना दिसत नाही, चाकांना दिसतो.

"हँडब्रेक?"

"तिन्ही वॅगनचे बांधले. एक सैल निघाला, ते नंतर कळलं."

"गुटके? साखळी?"

"नाही लावली."

"का?"

तिने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "मिळाले नाहीत."

मुकुलराव हसले. "सोळा गुटके आहेत, मॅडम. एक नाही, दोन नाही. त्या दिवशी यार्डात होते की नव्हते, ते तात्याच सांगतील."

मी म्हणालो, "सोळाही होते. त्या सकाळी मी माझ्या हाताने मोजले."

"तात्या खोटं नाही बोलत," शकु म्हणाली. "मोजले असतील." त्यानंतर तिने तोंड उघडले नाही.

हे उत्तर मला उद्धटपणाचे वाटले. गेल्या वर्षीही हिने मांडलेल्या पूजेतून एक गुटका उचलला होता, तेव्हा मला तिला सर्वांसमक्ष समज द्यावी लागली होती. तेव्हाही अशीच गप्प राहिली होती. माणसाने चूक कबूल करावी, म्हणजे क्षमेला वाट मिळते.

संकष्ट चतुर्थी, शुक्रवार, १० ऑक्टोबर

वनमाला रेशनच्या दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परत आली. दुकानदार म्हणाला, तांदूळ मुलुंडच्या दारात आहे, पण आत येत नाही. रांगेतल्या एका बाईने विचारले म्हणे, "दार कोणाचं? उघडत का नाही?"

नंदूला भेटायला गेलो. तो खाटेवर उठून बसू लागला, मी थांबवले.

"तात्यानु, तुमी कित्याक इलास? ऊन किती पडलाहा!"

"तुला पाहायला आलो रे."

"माका काय बघतास? अर्धोच रवलंय." स्वतःच हसला. मग हसू गेले. "शकुचा काय करतले?"

"कामावरून काढतील. गुन्हाही नोंदवतील."

"तिका काढू नकात, तात्यानु. तिका मीच धाडलंय गुटके आणूक. हातब्रेकावर माझो भरवसो नव्हतो."

"मग आणले का नाहीत तिने?"

तो भिंतीकडे वळला. "रिकामी इली परत."

"पण का?"

"माझो पाय गेलो तो गेलो. देवाचा नाव मधी कशाक हाडूचा? ऱ्हवांदे."

त्याच्या बोलण्यात देव कुठून आला हे मला समजले नाही. वेदनाशामक औषधांनी बुद्धी भरकटते. त्याच्या उशाशी अंगारा ठेवून आलो. तरीही घरी येईपर्यंत पावलोपावली तेच ऐकू येत होते: रिकामी आली परत. कुठून?

सोमवार, १३ ऑक्टोबर

दुसरी सुनावणी. मुकुलरावांनी अहवालाचा मसुदा आणला होता. सही करायची तेवढी उरली होती. त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवले. वसुधाताईंनी कागद हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि विचारले, "तात्या, एक साधी गोष्ट राहिली. गुटके मोजलेत ते किती वाजता? आणि कुठे?"

"सकाळी. चौथऱ्यावर. पूजेत मांडताना."

"पाठ सुरू कधी झाला?"

"नऊला," मुकुलराव मध्येच म्हणाले. "कार्यक्रमपत्रिका फाईलमध्ये आहे, मॅडम."

"मी तात्यांना विचारते आहे."

मला वेळ आठवत नव्हती असे नाही. ती जिभेच्या टोकावर होती, आणि तिच्यामागे आणखी काही उभे होते, ज्याला मी पुढे येऊ दिले नाही. मी म्हणालो, "मी रोज दैनंदिनी लिहितो. पाहून सांगतो."

सही केली नाही. मुकुलराव जिन्यापर्यंत आले. "तात्या, नऊच लिहिलं असेल ना? नीट बघा. चार दिवस आहेत आपल्या हातात."

मंगळवार, १४ ऑक्टोबर

स्नानसंध्या आटोपून वही उघडली. नवमीचे पान वाचले. माझ्याच हाताचे अक्षर.

पाठ दहाला सुरू झाला, असे लिहिले आहे. अपघात दहा अठ्ठेचाळीसला. म्हणजे त्या वेळी सोळाही गुटके माझ्यासमोर होते, साऱ्या साखळ्या माझ्यासमोर होत्या, आणि त्यांना हात लावू नये हा नियम माझा होता.

आणि ते वाक्य. 'कोणी दाराशी येऊन काही बोलू लागले.' 'कोणी' असे लिहिले, कारण मी डोळे उघडले नव्हते. परंतु कान उघडे होते. आवाज स्त्रीचा होता. यार्डात स्त्री एकच आहे.

नियमावलीतले माझे कलम मला तोंडपाठ आहे: उतारावर वॅगन तीन साक्षींवर उभी राहते, ब्रेक, गुटका आणि साखळी, तिन्ही साक्षी हजर नसतील तर ती उभी आहे असे मानू नये. त्या दिवशी दोन साक्षींना मी कुंकू लावून बसवून ठेवले होते, आणि त्यांना बोलवायला आलेल्या बाईला हाताने परत पाठवले.

वनमाला चहा घेऊन आली. मी विचारले, "त्या दिवशी दाराशी कोण आलं होतं?"

ती लगेच म्हणाली, "शकु. धावत आली होती. 'काकी, दोन गुटके द्या ना, गाडी उतारावर उभी आहे' म्हणाली. मी म्हटलं, थांब गं, पाठ होऊ दे. तिने तुम्हाला हाक मारली, तुम्ही हात वर केलात. गेली."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"अहो, पन्नास वर्षं झाली. तुमचा पाठ चालू असताना मी कधी बोलले आहे?"

"पाठ तर त्याच दिवशी संपला."

"तुम्हाला संपलेला वाटतो," ती म्हणाली आणि कप ठेवून आत गेली.

पान फाडता येते. वहीला शिवण आहे, दोरा ओढला की जोडीचे पान अलगद निघते. कोणाला कळणारही नाही. हा विचार आला. आला म्हणून लिहिला. लिहिला म्हणून आता फाडता येणार नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

घाटकोपरला शकुच्या घरी गेलो. टेकडीवरच्या वस्तीत एकशे चाळीस पायऱ्या. तीनदा बसावे लागले. दार तिनेच उघडले.

"तात्या? तुम्ही वर चढून आलात?"

"आत येऊ का?"

"या की. बसा. चहा ठेवते. माझ्याकडचा चालेल ना?"

हा टोमणा होता आणि माझ्या वाट्याचा होता. "चालेल," म्हणालो. सहा वर्षांत तिच्या हातचे पाणीही मी कधी घेतले नव्हते. टाळले असे नाही. कधी वेळ आली नाही, असे मी स्वतःला सांगत आलो. ती वेळ मीच येऊ दिली नव्हती, हे त्या पायऱ्यांवर कळले.

चहा प्यालो. मग म्हणालो, "तू दाराशी आली होतीस. मी हात वर केला."

"हो."

"समितीपुढे का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? पूजा मध्ये आली म्हणून पाय गेला? तीस माणसं होती तिथे, तात्या. उद्या मला त्यांच्याच जोडीने वॅगन जोडायच्यात. आणि माझं नाव इंगळे. मी ते बोलले असते तर गुटक्यांचं राहिलं असतं बाजूला, वेगळंच काहीतरी सुरू झालं असतं."

"मांडलेल्यातून उचलून न्यायचे होतेस."

ती हसली. त्या हसण्यात आनंद नव्हता. "गेल्या वर्षी उचलला होता. काय बोललात आठवतंय? सगळ्यांसमोर?"

आठवले. इथे मी 'समज दिली' असे लिहिले आहे. प्रत्यक्षात बोललो होतो ते असे: ज्याला पावित्र्य कळत नाही त्याने हात लावू नये. शास्त्रे वाचून वाचून मी हे वाक्य कमावले होते.

मी हात जोडले. तिने ते धरून खाली केले. "तसलं नको. ऐका. माझीपण चूक आहे. मी परत फिरले. केबिनला फोन करून सांगायला पाहिजे होतं, गुटके नाहीत, इंजिन काढू नका. तुमचा हात बघितला आणि डोकं फिरलं माझं, तशीच गेले. तेवढं माझं लिहा. त्याच्यावर एक अक्षर नको."

"तेवढेच लिहीन."

खाली उतरताना तिच्या आईने मला पायरीपाशी हात दिला.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सिद्धेश घरी आला. हा इंजिन चालवतो. अलीकडे पूजेची वर्गणी, मंडप सारे तोच पाहतो. बातमी कशी फुटली देव जाणे.

"तात्या, काय ऐकतोय मी? देवीलाच गुन्हेगार करताय?"

"देवीला नव्हे रे. पुजाऱ्याला."

"एकच ना! उद्या मोबाइलवर फिरेल, टर्मिनलच्या पूजेने पाय खाल्ला. पोरं पेटतील. तुम्ही आमचे गुरू, तुम्हीच असं केलंत तर आम्ही तोंड कुठे दाखवायचं?"

"नंदूला दाखव. तो खाटेवर आहे. तुझ्या इंजिनाला त्याने सव्वीस वर्षे झेंडी दाखवली."

सिद्धेश हळूच म्हणाला, "मीपण ऐकलं होतं तिला. माझ्या मागेच दार होतं. वाटलं, तुम्ही थांबवलंत म्हणजे काही विशेष नसेल."

तीस माणसे. ऐकले किती जणांनी असेल! माझा एक हात वर गेला आणि तीस जणांचे कान बंद झाले. विद्येचा असाही उपयोग होतो हे मला बहात्तराव्या वर्षी कळले.

संध्याकाळी मुकुलरावांचा फोन. "तात्या, मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. पूजेचं नाव रिपोर्टात आलं ना, वाट लागेल सगळ्यांची. तुमचा मानही जाईल. एका बाईचा प्रश्न आहे, दुसरीकडे लावून देऊ आपण तिला. बघा, अजून वेळ आहे."

"तिला दुसरीकडे लावाल. तिच्या नावावरचा गुन्हा कुठे लावाल?" मी विचारले. फोन त्यांनी ठेवला.

भीती वाटते, हे नमूद करतो. नियमावलीच्या मुखपृष्ठावर माझे नाव आहे. यार्डाच्या दारातून मी आत जातो तेव्हा पहारेकरी उठून उभा राहतो. हे सारे उद्या जाईल. वैराग्यावर मी आयुष्यभर प्रवचने केली. एका पहारेकऱ्याच्या उठण्यात माझा जीव एवढा अडकला असेल याची कल्पना नव्हती.

रमा एकादशी, वसुबारस, शुक्रवार, १७ ऑक्टोबर

मी समितीच्या खुर्चीवरून उठलो आणि समोरच्या खुर्चीवर, जिथे शकु बसली होती तिथे, जाऊन बसलो. वसुधाताईंना म्हणालो, "न्याय करणारा आणि साक्षीदार एकच असू शकत नाही. माझा राजीनामा घ्या आणि साक्ष घ्या."

नवमीचे पान मोठ्याने वाचले. 'चित्त पुन्हा देवीच्या ठायी लागले' या वाक्याशी थांबावे लागले. पाणी प्यालो आणि पुढचे वाचले. आठ-दहा माणसे दारात जमली होती. सिद्धेश त्यांत होता.

मुकुलराव म्हणाले, "ही खाजगी वही आहे. पुरावा कसा धरणार?"

"नवमीलाच लिहिली आहे," वसुधाताई म्हणाल्या, "आणि तेव्हा लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय हे ठाऊकही नव्हतं. याहून चांगला पुरावा मी पंचवीस वर्षांत पाहिला नाही."

दारातून सिद्धेश बोलला, "मॅडम, मीपण ऐकलं होतं तिला. माझंही लिहा." त्याच्यामागून आणखी दोघे पुढे आले.

अहवाल दुपारी गेला. मुख्य कारण: कामाच्या वेळी सर्व गुटके व साखळ्या एकत्र काढून ठेवण्याची प्रथा, ती घालून देणारे व त्या दिवशी चालवणारे म्हणून माझे नाव, आणि गाडी येत असताना प्रथा चालू देणारे व्यवस्थापन. मुकुलरावांनी त्या ओळीखाली सही केली. शकुला लेखी ताकीद, केबिनला न कळवल्याबद्दल. निलंबन रद्द. पोलिसांकडे जाणाऱ्या कागदावर आता तिचे नाव नाही. माझे आहे. माझे प्रवेशपत्र परत घेण्यात आले.

पूजेचे काय करायचे यावर वाद झाला. कोणी म्हणाले बंद करा, कोणी म्हणाले हात लावून बघाच. निकाल ऐकायला शकुलाही बोलावले होते. ती म्हणाली, "एक ठेवा पूजेला. झिजलेला, कामातून गेलेला. पंधरा आम्हाला द्या."

सिद्धेश म्हणाला, "पंधरा कशाला? नवीन एक करून घेऊ. सोळा कामाला."

"मग झालं तर," ती म्हणाली.

एवढे सोपे होते. अडतीस वर्षे मला सुचले नाही.

धनत्रयोदशी, शनिवार, १८ ऑक्टोबर

वसुधाताईंना मूळ वही हवी आहे. अहवालास जोडायची आहे. दुपारी त्यांचा माणूस येईल. तोवर ही शेवटची नोंद.

सकाळी यार्डाच्या दारापाशी गेलो. आत सोडणार नाहीत हे ठाऊक होते. पहारेकरी उठला नाही. त्याची चूक नाही. जाळीबाहेर उभा राहिलो. साडेनऊला तांदळाची गाडी आत आली. सिद्धेशच्या इंजिनाने पाच वॅगन ओढून पाच नंबरच्या लाइनवर आणल्या. शकुने चालत जाऊन एकेक हँडब्रेक बांधला आणि अंगाचा भार टाकून पाहिला. मग खांद्यावरचे गुटके उतरवून चाकांखाली ठोकले. साखळी ओवली, कुलूप घातले. शेवटच्या गुटक्यावर नवमीचे कुंकू अजून थोडे शिल्लक होते. तिने ते पुसले नाही, त्याला नमस्कारही केला नाही. बुटाने दोनदा मारून तो घट्ट बसला आहे ना, तेवढे पाहिले.

मग तिने जाळीकडे पाहिले आणि ओरडली, "तात्या! उभ्या आहेत!"

नियमावलीप्रमाणे हे वाक्य यार्ड मास्तरला सांगायचे असते.

मी डोळे उघडे ठेवून ऐकले. "ऐकलं!" म्हणालो. तिथून थेट रुग्णालयात गेलो आणि नंदूला सांगितले, तांदूळ आत आला. तो म्हणाला, "आणि शकु?" म्हटले, "तिनेच उभा केला." त्याने डोळे मिटले आणि हसला. त्याच्या उशाशी मी ठेवलेला अंगारा, आधीच येऊन बसलेल्या वनमालाने उचलून पिशवीत टाकला आणि तिथे त्याच्यासाठी आणलेली पेज ठेवली.

ही वही आता अनोळखी हातांत जाईल. वाचणारे कोण असतील मला ठाऊक नाही. त्या सर्वांसाठी, ज्याच्या चरणी आरंभ केला त्याच्याच चरणी मागतो. ज्याच्या ज्याच्या घरी चूल आहे तिथे धान्य वेळेवर पोहोचो. जे कोणी ते धान्य, ते लोखंड, ते सिमेंट तुमच्या दारापर्यंत आणतात त्यांचे हातपाय अखंड राहोत. तुमच्या आयुष्याच्या न दिसणाऱ्या उतारावर जे जे उभे आहे ते उभेच राहो. तुमची पूजा फळाला येवो. आणि पूजेत कोणी दाराशी येऊन हाक मारील, तेव्हा तुमचा हात वर न जाता तुमचे डोळे उघडोत.